खतिजाबीची ओटी

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने जाहीर केलं, "त्याआधी मला वज्रेश्वरीला ने." मीही खूश झालो. नाशिकहून एका दिवसात होणारी सहल, देवीचं दर्शन, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघ्यांना शेक, आणि ब्लॉगला विषय. शनिवारी सकाळी निघालो. कसारा घाट उतरेपर्यंत रस्ता छान होता, पुढे ट्रकांच्या मागे सरपटत जावं लागलं. तुम्ही जाणार असाल तर नाश्ता शहापूरच्या आधीच उरका. मागच्या सीटवर आईची पिशवी होती: हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या. देवीची ओटी, दुसरं काय असणार!

पडघ्याजवळ आई म्हणाली, "आधी भिवंडीला घे. आईची ओटी भरायचीय."

"कोणाच्या आईची?"

"माझ्या."

आजी जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि तिला अग्नी दिला तो खारबावला. मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, गुडघ्याचं औषध डोक्यात गेलं की काय.

"ती न्हाय रे. सलीमची अम्मी. खतिजाबी."

सलीममामा आम्हाला ठाऊक होता. लग्नाकार्यात यायचा, माझे गालगुच्चे घ्यायचा. तो मामा कसा, हे कधी विचारायचं सुचलंच नाही. तर गोष्ट अशी. आई जन्मली तेव्हा आजीला टायफॉइड झाला. बिऱ्हाड धामणकर नाक्यामागच्या चाळीत. शेजारची खतिजाबी घरी बसून लूमच्या कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि तिच्या मांडीवर तान्हा सलीम. तिने आईलाही उचललं आणि दूध पाजलं. एका कुशीला सलीम, दुसऱ्या कुशीला आई, अशी झोपायची. नवरा लवकर गेला, मग कांड्या भरभरून तिने पोरं वाढवली. पान खायची, नळावर भांडायला सगळ्यांत पुढे, आणि आईच्या लग्नात चुडा भरायला बसली तीही सगळ्यांत पुढे. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती वारली तेव्हा बाबा आयसीयूत होते, आईला निघता आलं नाही. आता ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी आईला तिची भेट हवी होती.

सगळं पटलं, पण ओटी? ओटी सवाष्णीची भरतात. खतिजाबी विधवा, मुसलमान, आणि आता तर हयातही नाही. यातली कुठली हरकत आधी घ्यावी हेच मला कळेना, म्हणून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

भिवंडीत गाडी आत घालायचा शहाणपणा करू नका. आम्ही ती हायवेजवळच लावली आणि शेअर रिक्षाने, माणशी वीस रुपयांत, धामणकर नाक्यावर उतरलो. गल्ल्यांतून लूमची खटखट इतकी की आई काय म्हणतेय ते ओठांवरून ओळखायचं. मेंदी लावलेल्या दाढीतला सलीममामा वाट बघत उभा होता.

"सुमे, जाडी झालीस."

"तू न्हाय झालास? पोट बघ!"

कब्रस्तानच्या फाटकाशी मामा थांबला. "तुला आत नेता येत न्हाय. आमच्यात बायका जात न्हाईत."

"ठाव हाय मला," आई म्हणाली आणि फाटकालगतच्या कट्ट्यावर बसली. पिशवी माझ्या हातात दिली. "तू भर."

मी? कबरीची ओटी? पुरुषाने? मामाकडे पाहिलं, तो गुलाबाच्या पाकळ्या घेत होता. पिशवी छातीशी धरून मी त्याच्यामागे आत गेलो.

आत बहुतेक मातीचे उंचवटे, वर गवत. मामा एका लिंबाजवळ थांबला. उंचवटा ताजा होता, डोक्याशी पत्र्याची उर्दू पाटी. बारा-तेरा वर्षांपूर्वीची कबर इतकी ताजी कशी?

"अम्मी हितंच हाय," मामा म्हणाला. "आता वर दुसरा हाय कोनतरी. अपनी कच्ची कबर. जागा कुठं हाय एवढी? सालं गेली की मिट्टी में मिट्टी, मग तीच जागा दुसऱ्याला."

"मग ही कबर कोणाची?"

"दोघांची." मामाने पाकळ्या टाकल्या, हात पसरून दुवा मागितली. मीही पाकळ्या टाकल्या, पण कोणासाठी ते मला सांगता येणार नाही. पिशवी तशीच राहिली. अनोळखी पुरुषाच्या पाटीखाली खण-नारळ ठेवायला माझा हात धजेना.

फाटकाशी येताच आईने भरलेली पिशवी पाहिली. मी शब्द जुळवत होतो, तोवर मामाने सगळं सरळ सांगून टाकलं. आईने पिशवी माझ्याकडून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "असू दे. दोघांना घेऊन झोपायची सवयच हाय तिला."

मामाचे डोळे भरले. त्याने कुर्त्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी पदरासारखा पसरला. "घाल. तिला न्हाय तर मला घाल."

आईने तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. कुंकवाची पुडी उघडली आणि अडली. मामाने कपाळ पुढे केलं नाही, आईनेही पुडी मिटून तांदळात ठेवली. येणारेजाणारे बघत होते. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबताना माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे.

अकलोली झालं. कुंडाचं पाणी खरंच कढत आहे, पाय हळूच सोडा. वज्रेश्वरीला आईने बाहेरून दुसरी ओटी विकत घेतली.

घरी येऊन आठवडा झाला. मामाचा फोन आला: त्या तांदळाची खीर करून अम्मीच्या नावाने फातेहा दिला, म्हणजे दुवा मागून ती वाटली. ही सहल कसली झाली, आम्ही नक्की कोणाला भेटून आलो, मला अजून उलगडत नाही. आईला मात्र काही प्रश्न नाही. काल हॉस्पिटलची बॅग भरताना तिने एवढंच विचारलं, "त्या पाटीवर नाव काय होतं रे?"

"उर्दूत होतं. मला वाचता येत नाही."

"मग सलीमला विचार," आई म्हणाली. "तिच्या कुशीत हाय म्हंजे माझा भाऊच की."