डावी सीट

टिक्, टिक्, टिक्! किल्ली फिरवली की आधी एवढाच नाद उमटायचा. नाशिकच्या थंडीतली रविवारची सकाळ, जास्वंदीच्या पानांवर दव, हवेत पेट्रोलचा आणि ओलसर जुन्या कातड्याचा मिश्र गंध, आणि त्या नीरव प्रसन्नतेत आमच्या हिरव्या मोटारीच्या, म्हणजे हिरवीच्या, बॉनेटखालून येणारी ती इवलीशी टिकटिक. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे खेचणारा तो मुठीएवढा विजेचा पंप, हे मला ठाऊक होतं. तरी दर वेळी वाटायचं, ही बया आता विचार करते आहे, आज जावं की न जावं! टिकटिक मंदावत थांबायची, दिनकर डोळे मिटून स्टार्टर ओढायचे, आणि मग एक तर सारं अंगण थरारून उठायचं, नाही तर आमचा अख्खा रविवार बॉनेटखाली जायचा.

दिनकर म्हणजे माझे यजमान. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं. दुसऱ्यांचे सुटे भाग अचूक आहेत की नाहीत हे तपासायची पोलादी मापं ते घडवत, आणि केसभर फरक पडला तरी तयार माप भंगारात टाकून देत. अशा काटेकोर माणसाने नव्वदच्या सुमारास देवळालीच्या एका वृद्ध पारशी गृहस्थांकडून ही दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार घ्यावी, जिचं एक दार दुसऱ्या दाराच्या मापाचं नव्हतं, याला काय म्हणावं? त्या सद्गृहस्थांचे गुडघे एवढ्या खोल सीटमध्ये उतरेनात, म्हणून ते गाडी देत होते. किल्ली हातात ठेवताना त्यांनी एकदा बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "दीकरा, ही तुला लई वेळा फसवेल हां. पण बोअर कधी करणार नाय." दिनकर परतीच्या वाटेवर दोनदा फसले आणि घरी आले ते लग्नात दिसले होते त्याहून खुशीत.

मग आमची रविवारची मिरवणूक सुरू झाली. पुढे हिरवी, तिच्यात दिनकर. मागे आमची पांढरी चारदारी, तिच्यात मी. कारण उघड होतं. हिरवीच्या डाव्या सीटवर पान्यांची पेटी, फॅनबेल्ट, दोन प्लग, पाण्याचा कॅन, दोरखंड आणि एक लाकडी दांड्याची हातोडी अशी मंडळी ऐसपैस बसलेली असत. गाडीत जागा दोन, आणि दुसरीवर सवत म्हणून हे सगळं लोखंड! अकरा वर्षं मी त्र्यंबकचा रस्ता पाहिला तो नवऱ्याच्या पाठमोऱ्या डोक्यासह. हसू नका, मला त्या डाव्या सीटवर एकदा तरी बसायचं होतं, आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

पण पाहण्यासारखं होतं ते, हेही प्रांजळपणे सांगते. अंजनेरीच्या पायथ्याशी रस्ता वळू लागला की त्या माणसाचे खांदे सैल व्हायचे, वळण येण्याआधीच मान किंचित कलायची, आणि गाडी अशी वळायची की जणू रस्ताच तिच्या सोयीने आखला असावा. मागे माझी पांढरी निमूट, आज्ञाधारक, कधीही न खोकणारी. तिच्यात काय उणं होतं? काहीच नाही! आणि तरीही ती बंद करून उतरल्यावर मी तिच्याकडे कधी वळून पाहिलं नाही. दिनकर मात्र हिरवीतून उतरले की दहा पावलं जाऊन हमखास मागे बघत.

परतताना सोमेश्वरजवळच्या चहाच्या टपरीवर डॉक्टर काळे भेटत. त्यांच्याकडे नवीकोरी, चकचकीत दोन सीटांची गाडी होती, आणि वाद ठरलेला. "अरे दिनकर, गाडी कशी हवी? किल्ली फिरवली की सुरू, उतरलो की विसरलो!" त्यावर दिनकर बशीत चहा ओतत शांतपणे म्हणत, "विसरता येते ती चालवायची कशाला, डॉक्टर?" डॉक्टर माझ्याकडे न्याय मागत. मी गणिताची शिक्षिका. नाशिक रोडच्या शाळेत तीस वर्षांत कुणाला अर्धा गुण वाढवून दिलेला नाही. मी सांगे, उत्तर डॉक्टरांचं बरोबर आहे. दिनकर हसत आणि दुसरा चहा मागवत.

आणि मग अकराव्या वर्षी पावसाळ्याअखेर त्र्यंबकपुढच्या अंबोलीच्या घाटात हिरवी वळणावरच बसली. दिनकर तिच्याखाली शिरले. पाय बाहेर, रस्त्यावर. वरून एक ट्रक आला आणि त्या दोन पायांपासून हातभर अंतरावरून निघून गेला. मी मागे पांढरीत बसून ते पाहिलं. घरी येऊन मी निक्षून सांगितलं, की झाली तेवढी हौस पुरे, आता हिरवी विका. सकाळी दिनकर म्हणाले, "एकदा त्र्यंबकपलीकडे हरसूलला जाऊन येऊ. बाजाराच्या दिवशी. पांढरी नको, पेटी नको, तू शेजारी बस. वाटेत थांबली तर डॉक्टरांच्या ओळखीचा पुण्यात एक गिऱ्हाईक आहे, त्याला देऊन टाकीन. शब्द."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. किती खाली असते हो ती सीट! रस्ता हाताला लागेलसा वाटतो. कापणीला आलेल्या भाताचा तो गोड, उष्ण वास थेट अंगावर येत होता. काचेआड बसून अकरा वर्षं मी काय हुंगलं होतं? मी चक्क मोठ्याने हसत होते, पन्नाशीतली बाई! पण दिनकरांचं लक्ष सारखं वरच्या आरशाकडे जाई. शेवटी मी चिडून विचारलं, मागे आहे तरी कोण? ते ओशाळले. "कोणी नाही. तेच चुकल्यासारखं होतंय. तू दिसत राहशील एवढ्याच वेगाने चालवायची सवय लागलीय." मला वाटत होतं, मी त्यांच्या मागे फरफटते आहे. आणि तो माणूस अकरा वर्षं मला आरशात धरून गाडी चालवत होता.

हरसूलच्या बाजारात आम्ही गरम भजी खाल्ली, नागली घेतली. गाडी निर्वेध चालली. परतताना घाट चढत असता मात्र एक आचका बसला, दुसरा बसला, आणि हिरवी थांबली. दिनकरांनी ती कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. सवयीने त्यांचा हात हत्यारांसाठी डावीकडे आला आणि माझ्या गुडघ्याला लागला. तो तसाच राहिला. "थांबली," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मला माझाच राग आला.

मी म्हटलं, किल्ली फिरवा. त्यांनी फिरवली. सारं निःशब्द. टिकटिक नव्हती! अकरा वर्षं ज्या बाईने शेजारी उभं राहून अडलेला पंप ठोकायला हातोडी पुरवली, तिला एवढं कळू नये? मी उतरले, बॉनेट उघडलं, पायातली कोल्हापुरी काढली आणि त्या मुठीएवढ्या पंपाला दोन सणसणीत ठेवून दिल्या. टिक्. टिक्, टिक्, टिक्! बाजारातून पाटी घेऊन परतणारी एक बाई हे सगळं थांबून बघत होती. ती खदखदून हसली. "चपलेनं ऐकते व्हय! म्हंजी आमच्या रेड्यावानीच हाय."

टपरीवर डॉक्टर वाटच पाहत होते; दिनकरांनी दिलेला शब्द त्यांना ठाऊक होता. "काय, थांबली की नाही?" दिनकरांनी कप खाली ठेवला. हा माणूस केसभर खोटं बोलणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, त्याआधी मी म्हणाले, "कुठे थांबली? थेट आलो." डॉक्टर माझ्या शब्दावर कधीच शंका घेत नसत. दिनकर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी खाली बघून चहा बशीत ओतला. ट्रकची भीती माझ्या पोटात तेव्हाही होती आणि आजही आहे. पण तो उतरलेला चेहरा पुढची वीस वर्षं जेवायला समोर बसलेला बघणं मला झेपलं नसतं.

पुढच्या रविवारी मी पांढरीची किल्ली घेऊन बाहेर आले, तर हिरवीची डावी सीट रिकामी, पुसून लख्ख केलेली. तिच्यावर एकच वस्तू होती. पितळेची एक छोटी हातोडी, वर्कशॉपमध्ये नव्याने घडवलेली. मी ती उचलली. दांडा माझ्या मुठीत बरोबर बसला. माप त्यांनी केव्हा घेतलं, देव जाणे. मी पांढरीची किल्ली पर्समध्ये टाकली, खाली त्या खोल सीटमध्ये उतरले आणि हातोडी मांडीवर घेऊन बसले. दिनकरांनी किल्ली फिरवली, आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकू लागलो.