अंगठ्याखालची सही

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्ती आली, मग गुडघे… आणि ज्यांना सांगायची ते मिलिंद तायडे धुळ्यातच आहेत, कधीही जाता येईल, असं मनाशी धरून बसलो. दीड महिन्यापूर्वी सकाळी त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. हातातलं वर्तमानपत्र मी नीट घडी घालून ठेवलं आणि मग पुढे काय करायचं ते सुचेना.

मी जळगावच्या एका कंपनीत जनरल मॅनेजर होतो. आम्ही शीतगृहं आणि केळी पिकवायच्या खोल्या बांधून द्यायचो. तायडे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, मूळचे पहूरचे. बोलणं कमी, चालणं भरभर, काखेत दोरीने बांधलेली फाईल. दर शनिवारी ते माझ्या टेबलावर अर्ध्या पानाचा एक कागद ठेवायचे. त्यावर तीनच ओळी. काय झालं, काय अडलं, तुमच्याकडून काय हवं. खाली उजव्या कोपऱ्यात मी 'वाचलं' असं लिहून सही करायची, आणि कागद परत त्यांच्या फायलीत जायचा. पहिल्यांदा मला राग आला होता. हाताखालचा माणूस साहेबाकडून 'हवं' कसं म्हणतो? पण दोन महिन्यांत लक्षात आलं, की माझ्या आठवड्यातला सगळ्यात उपयोगी कागद तोच आहे. बाकीचे लोक माझ्यापुढे अडचणींचा ढीग ओतून जायचे. तायडे त्यातून मला करता येईल असं नेमकं एक काम काढून द्यायचे, आणि ते झालं की श्रेय मलाच मिळायचं.

बरोबरीच्या लोकांशीही त्यांची अशीच रीत होती. विजेचं काम बघणारे पाटील आणि खरेदीचे चौधरी यांचं आपसात जमत नसे. तायडे बैठकीच्या आदल्या दिवशी दोघांच्या टेबलावर जाऊन वेगवेगळा चहा घ्यायचे, आणि बैठकीत भांडण होण्याआधीच ते मिटलेलं असायचं. बैठकीत कुणालाही कुठलीही गोष्ट पहिल्यांदा कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. चौधरी एकदा वैतागून म्हणाले, "तायडे, तुम्ही बैठकीआधीच बैठक उरकता. मग आम्ही काय नुसते वडे खायला यायचं?" तायडे म्हणाले, "वडे गरम असू द्या भाऊ. बैठक गार झालेली बरी."

अठरा वर्षांपूर्वी रावेरला आमचं सगळ्यात मोठं काम चालू होतं. केळी पिकवायच्या सहा खोल्या. कंपनीचे मालक मूळचे धुळ्याकडचे, त्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी उद्‌घाटनाचा मुहूर्त काढून आसपासच्या केळीवाल्यांना निमंत्रणंही दिली होती. त्याआधीच्या शनिवारी तायड्यांचा कागद आला. दुसऱ्या ओळीत होतं, 'जनरेटरवर सहा खोल्या एकदम चालवून पाहिलेल्या नाहीत.' तिसऱ्या ओळीत, 'उद्‌घाटन होऊ द्या, पण माल भरणं आठ दिवस पुढे ढकला. आण्णांना तुम्ही सांगावं.' मी वाचलं. सही केली. आणि आण्णांच्या खोलीत गेलो. ते निमंत्रणाची पत्रिका न्याहाळत होते, खुशीत होते. मान वर न करता त्यांनी घरच्या बोलीत, अहिराणीत विचारलं, "बठ्ठं तयार शे ना?" सगळं तयार आहे ना.

मी म्हणालो, "हो, आण्णा."

तो क्षण मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला आहे. भीती होती असंही म्हणता येत नाही. खुशीत असलेल्या माणसाचा चेहरा उतरवायचा कंटाळा आला, इतकंच.

उद्‌घाटन झालं, हार झाले, खोल्या भरल्या. तिसऱ्या दिवशी वीज गेली, जनरेटरने मान टाकली आणि खोल्यांचा गारवा बंद पडला. पिकायला लागलेली केळी स्वतःच तापतात, हे रावेरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दारं उघडली तेव्हा केळी वरून हिरवीगार होती आणि आतून शिजलेली. एका म्हाताऱ्या बागाईतदाराने एक केळ सोललं, बोटाने दाबलं, आणि क्रेटवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जळगावला आण्णांनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, की तयार आहे असं कोणी सांगितलं. मी म्हणालो, "साइटवरून मला तसंच कळवलं होतं." तायडे माझ्या समोर बसले होते. माझ्या सहीचा कागद त्यांच्या हाताखालच्या फायलीत होता. त्यांनी फायलीची दोरी सोडली… माझ्याकडे पाहिलं… आणि दोरी पुन्हा बांधली. त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नाही हे मला माहीत होतं, आणि त्याच भरवशावर मी बोललो होतो, हेही आज लिहून टाकतो. त्यांना धुळ्याच्या गोदामावर पाठवलं. 'रावेरची केळी शिजवणारा' हे नाव त्यांना कितीतरी वर्षं चिकटून राहिलं.

धुळ्यात ते खचले असते तर मला कदाचित लवकर बोलावं लागलं असतं. पण तो माणूस खचला नाही. पाच वर्षांत त्या गोदामाचं त्यांनी चांगलं शीतगृह उभं केलं आणि नव्या इंजिनियरांना शिकवायला लागले. निवृत्तीनंतर मी एकदा ठरवून, माफी मागायलाच, धुळ्याला गेलो. ते शिकवत होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

"वरच्याला वाईट बातमी सांगितली की आपलं काम संपलं, असं मला आधी वाटायचं," ते मुलांना म्हणाले. "पण त्यालाही वर कोणीतरी असतं. त्या दारात त्याला एकट्याला पाठवायचं नसतं. मी एकदा पाठवलं. पाटील-चौधरींना सोबत द्यायला हवं होतं. ती चूक माझी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या खोटेपणातून त्यांनी स्वतःची चूक शोधून काढली होती, आणि ती दुरुस्त करून ते इतरांना शिकवत होते. मी चहा प्यायलो. धुळ्यात ऊन फार आहे, असं काहीतरी बोललो आणि परतीच्या बसमध्ये बसलो.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो आणि खाली बसलो. शेवटी सुजाताला बाजूला घेतलं आणि तिथेच भिंतीशी उभं राहून सगळं सांगितलं. ती स्वतः आता रावेरलाच प्रोजेक्ट मॅनेजर आहे.

"तो कागद मी पाहिलाय काका," ती म्हणाली. "मी नोकरीला लागले त्या दिवशी बाबांनी दाखवला होता. असा कागद लिहीत जा म्हणाले. पण खालची सही त्यांनी अंगठ्याने झाकून धरली होती. मी विचारलं, कोणाची? तर म्हणाले, तुला ओळी शिकायच्यात, माणूस नाही." मग ती म्हणाली, "परवा फाईल आवरताना कागद पुन्हा हातात आला. आता अंगठा नव्हता…"

हे लिहून छापायला देऊ का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "द्या. पण बाबांचा नियम पाळा. छापून आल्यावर कुणाला पहिल्यांदा कळायला नको."

म्हणून गेल्या आठवड्यात मी तीन फोन केले. पाटलांनी सुजाताचा नंबर लिहून घेतला. चौधरींना रडू आलं. आण्णा आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मंग तवयच काबरं नही सांगं?" तेव्हाच का नाही सांगितलं. मग स्वतःच म्हणाले, की मीही तुला बोलायला जागा ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुजाताला फोन करून, तुझ्या वडिलांवर अन्याय झाला, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अठरा वर्षं मला जे डोंगराएवढं वाटत होतं, ते तीन फोनांचं काम होतं.

सुजाताने तो कागद मला देऊ केला. मी घेतला नाही. तिच्या टेबलावर दर शनिवारी हाताखालच्यांचे असे कागद येतात, त्यांच्या वरच तो राहू दे, म्हटलं. सही उघडी ठेवून.

घरी येऊन मी त्याच मापाचा एक कागद कापला. काय झालं, ते लिहिलं. काय अडलं, ते लिहिलं. तुमच्याकडून काय हवं, इथे बराच वेळ थांबलो आणि मग लिहिलं, 'तायडे, मला माफ करा.' कागद माझ्या टेबलावर आहे. खाली उजव्या कोपऱ्यात 'वाचलं' लिहायची जागा कोरी आहे…