तव्याला विचार, बंदुकीला विचार

"मला काय विचारतोस? तव्याला विचार."

भाकरीसाठी ज्वारीचं कोणतं पीठ चांगलं, एवढाच माझा प्रश्न होता. दुसऱ्या कुणी दुकानाचं नाव सांगून विषय संपवला असता. ताईंनी मला शनिवारी घरी बोलावलं, तीन दुकानांची तीन पिठं ओट्यावर मांडली आणि प्रत्येकाची एकेक भाकरी थापून तव्यावर टाकली. एक टम्म फुगली. तिच्याकडे उलथनं रोखून म्हणाल्या, "बघ, बोलला तवा." न फुगलेल्या दोन भाकरी ठेच्याबरोबर मी संपवल्या, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

बाजारात वांगं चारचारदा दाबून पाहणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. ती संशयी असतात. ताई संशयी अजिबात नव्हत्या. वस्तू स्वतःबद्दल काय सांगते ते ऐकायची त्यांना हौस होती आणि ऐकताना त्यांचा चेहरा नाटक बघायला बसलेल्या पोरासारखा व्हायचा. डोंगर चढायला कोणते बूट घेऊ, असं विचारलं तर "पायाला विचार". आमच्यातल्या एकाला ड्युसेलडॉर्फला मोठी नोकरी आली. जाऊ की नको म्हणून तो ताईंकडे गेला, तर त्यांनी "झोपेला विचार" म्हणून त्याला परत पाठवलं. तो गेला नाही आणि आजही आमच्याबरोबर इथेच, जर्मनीतल्या येनात, सुखाने घोरतो आहे.

ताई मूळच्या नागपूरच्या. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करून येनाला आल्या आणि भिंगांच्या एका कंपनीत राहिल्या. मी सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यांच्याच मजल्यावर. आम्ही बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी करायचो. म्हणजे भिंगं ताईंची आणि भिंगांना धरून ठेवणारी नळकांडी माझी. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, एश्बॉर्नला संगणकाच्या नोकरीत. शुक्रवारी रात्री येनाला यायचे आणि दोन दिवस ताईंच्या प्रयोगांतलं जे शाकाहारी असेल ते खायचे. भाऊजींनी जन्मात अंडंही खाल्लेलं नाही.

अशा घरात एका दिवाळीत ताईंनी जाहीर केलं की त्या शिकारीची परीक्षा देणार. इथे बंदूक घेऊन रानात जायचं तर आधी परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती भलती अवघड असते. झाडं, जनावरं, कायदे, कुत्र्यांच्या जाती, शिकाऱ्यांच्या रूढी, सगळं पाठ. मी हसलो. भाऊजींनी लाडू खाली ठेवला.

ताईंनी शांतपणे कारण सांगितलं. इतकी वर्षं त्या दुर्बिणी करत होत्या, पण त्या दुर्बिणीतून त्यांनी फक्त प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता पाहिला होता. आणि दुसरं म्हणजे, "मी मटण खाते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आणते अन् खाते. जे खाते ते एकदा आपल्या हाताने करता आलं पाहिजे. नाही जमलं तर खाणं सोडीन."

भाऊजी म्हणाले, "तू मार. मी भात लावतो." त्या लग्नाचं रहस्य मला त्या दिवशी कळलं.

परीक्षा त्या पास झाल्या. पण नुसता परवाना घेऊन करता काय? इथे रान भाड्याने दिलेलं असतं. ते ज्याने घेतलं तो पेख्टर, आणि त्याने लेखी परवानगी दिली तरच दुसऱ्याला तिथे बंदूक घेऊन फिरता येतं. गावाबाहेरच्या एका रानाचा पेख्टर सत्तरीतला उंच गृहस्थ होता, बोलायला कमी आणि भुवया भरपूर. त्याच्या रानात सफरचंदाच्या रोपांची एक मोठी वाडी होती. हिवाळ्यात ससे रोपांची साल कुरतडायचे आणि झाडं मरायची. वाडीचा मालक रडकुंडीला आला होता. पेख्टरने ताईंना सांगितलं, हिवाळा संपायच्या आत एक ससा मारून दाखवा, मग परवानगीचा कागद देतो. नाही जमलं तर गावातला एक तरुण रांगेत उभाच आहे.

बाहेरून आलेल्या बाईला येनाच्या आसपास दुसरं कुणी रान देईल याची काही खात्री नव्हती. दोन-तीन पेख्टरांनी आधी गोड बोलून दार लावलं होतं. ताई याबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत, पण "हा एवढा शेवटचा" असं मला त्या एकदा जेवताना म्हणाल्या. एरवी हात राखून जेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, आणि त्या दिवशी ताट तसंच राहिलं.

आता काडतुसाचा प्रश्न आला. पेख्टरच्या मते तो प्रश्नच नव्हता. त्याच्या रानात सगळे मॅग्नम वापरायचे, ताईंनीही मॅग्नम वापरावं.

इथे थोडी माहिती देतो. मलाही ती ताईंकडूनच मिळाली. सशासाठी छोट्या जातीचं काडतूस लागतं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. त्याच्या बुडाला बारीक कड असते आणि ठिणगीची दारू त्या कडेत भरलेली असते, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. हरणावर ते चालवायला कायद्याची मनाई आहे, पण सशाला ते पुरतं. त्यातही पोटजाती, आणि त्यांची नावं गोळीच्या जाडीच्या आकड्यावरून. सतराचं काडतूस बारीक आणि अतिशय वेगवान, पण वारा त्याला ढकलतो. मॅग्नम म्हणजे बावीसचा थोरला भाऊ, लांबवर जाणारा आणि मोठ्या आवाजाचा. मग साधं बावीस, त्यात एक जलद आणि एक संथ. संथ गोळी आवाजाच्या वेगाच्या खाली राहते, त्यामुळे चाबूक ओढल्यासारखा कडाड आवाज होत नाही. पण ती लवकर खाली झुकते, तेव्हा जनावराच्या जवळ जावं लागतं.

"मग ताई, कोणतं घेणार?" मी विचारलं. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

"मला काय विचारतोस? बंदुकीला विचार."

पण ताईंनी साध्या बावीसची एक जुनी, वापरलेली बंदूक घेतली होती. तिच्या नळीत मॅग्नम आणि सतराचं बसतच नव्हतं, म्हणून दुकानदाराकडून त्या दोन जातींच्या बंदुका चांदमारीच्या मैदानावर मागून घेतल्या. साध्या बावीसच्या तर दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या जातींची एकेक डबी आणली. जुन्या बंदुकीवर आमच्या कंपनीची कोरी दुर्बीण चढवलेली पाहून भाऊजी म्हणाले, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." ताईंनी त्यांच्या हातात कान झाकायची टोपणं दिली आणि गप्प केलं.

मी कागद लावत होतो, त्या झोपून गोळ्या मारत होत्या. मॅग्नमने कागदावर चांगली भोकं पाडली, पण शेजारच्या माणसाने दचकून आमच्याकडे पाहिलं. सतराचं सुंदर चाललं, मग वारा उठला आणि भोकं शेजारच्या गावाला निघाली. जलद बावीसने रांगोळीचे ठिपके काढले. शेवटी संथ बावीसच्या एका जातीची पाळी आली. दुकानदाराने ती खालच्या फळीवरून धूळ झटकून दिली होती. डबे पाडायला म्हातारे लोक नेतात म्हणाला होता. मी तो कागद घेऊन आलो तेव्हा वाटलं की बाकीच्या गोळ्या कुठेतरी भलतीकडेच गेल्या. भोक एकच दिसत होतं, जरासं फाटलेलं.

ताईंनी कागद उजेडात धरला. मग कपाळावरची टिकली काढली आणि त्या भोकावर चिकटवली. सगळं झाकलं गेलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "ही बंदूक इतकी वर्षं हेच म्हणत असेल बाप्पा. कुणी विचारलंच नाही तिला."

पेख्टरला हे पटायचं काही कारण नव्हतं. ही गोळी पोचेपर्यंत ससा म्हातारा होऊन मरेल, असं तो म्हणाला. ताईंनी त्याला वाडीच्या कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे घोडेस्वारीची शाळा होती. ताईंना सुटी शनिवारची, आणि शनिवारी दुपारभर तिथे लहान मुली तट्टांवर बसून गोल फिरायच्या. मोठा आवाज झाला तर तट्टं उधळणार. म्हणून पेख्टर शाळा सुटेपर्यंत थांबायचा, आणि तोवर अंधार पडायचा. आवाज गिळणारी नळी या छोट्या जातीच्या बंदुकीला लावायची परवानगी नव्हती. आता राहिलं काय, तर कमी बोलणारं काडतूस. ताई म्हणाल्या, "मी जवळ जाईन."

"जवळ," पेख्टर म्हणाला आणि भुवया वर केल्या. "बरं, फ्राउ डॉक्टर. हिवाळा संपेपर्यंत."

त्यानंतरचे शनिवार मी विसरणार नाही. ताईंच्या डोक्यावर सासूबाईंनी विणलेली तपकिरी माकडटोपी, अंगाखाली जुनी सतरंजी. मी मागे थर्मास सांभाळत पालथा. मला एकदा शिंक आली आणि सबंध वाडी रिकामी झाली. एकदा ससा अगदी समोर आला, पण त्याच्यामागे मातीचा बांध नव्हता, उघडं शेत होतं. संथ गोळीही जमिनीवर आपटून उसळते. ताईंनी बोट बंदुकीच्या घोड्यावरून काढलं. एकदा ससा लांब होता. मॅग्नम असतं तर जमलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पेख्टर कोपऱ्यावरच्या गाडीतून दुर्बिणीने सगळं पाहायचा आणि अंधार पडला की निघून जायचा. बर्फ वितळायला लागला. गावातला तो तरुण एकदा येऊन वाडी बघून गेला. परतताना गाडीत ताई नेहमीसारख्या गप्पा मारत होत्या, पण हात सारखे मफलरची गाठ सोडत-बांधत होते. मला फार वाईट वाटलं.

मग तो शनिवार आला. ऊन पडलं होतं. कुंपणापलीकडे मुलींचा वर्ग चालू होता, आणि बाई ओरडून ओरडून पाठी ताठ करायला सांगत होत्या. आमच्या बाजूला, घोड्यांकडे पाठ करून, ताई रोपांच्या ओळीतून कोपरांवर सरकत होत्या. समोर मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी एक ससा सफरचंदाच्या रोपापाशी बसून मजेत साल खात होता. ताई सरकल्या, थांबल्या, पुन्हा सरकल्या. इतक्या जवळ गेल्या की त्याच्या कानातून ऊन आरपार जाताना मला मागूनही दिसत होतं.

टप्. काडी मोडल्याएवढा आवाज.

ससा बसल्या जागी आडवा झाला आणि हलला नाही. मी मान वळवून घोड्यांकडे पाहिलं. तट्टं गोल फिरत होती. एका तट्टाने शेपटी हलवली, तीही बहुधा स्वतःच्या कामासाठी.

ताई सशापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. एक हात त्याच्या पाठीवर ठेवलेला. डोळे भरले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. पेख्टर लांब ढांगा टाकत आला. तेवढ्यात ताईंनी त्या कुरतडलेल्या रोपाची एक डहाळी मोडली आणि सशाच्या तोंडात ठेवली.

इथल्या शिकाऱ्यांची ही जुनी रूढी. मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास म्हणून. पण हा मान हरणाला आणि रानडुकराला. सशाला तो नसतो, आणि फांदीही ओक किंवा पाइनची लागते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. पेख्टर टोपी काढत म्हणाला, "फ्राउ डॉक्टर, हे सशाला नसतं."

ताईंनी वर पाहिलं. "सशाला विचारलंत का?"

पेख्टरने टोपी काखेत मारली. मग वाकला, त्याच रोपाची आणखी एक डहाळी मोडली आणि यशस्वी शिकाऱ्याच्या टोपीत खोवायची तशी ताईंच्या माकडटोपीत खोवली. "वाइडमान्सहाइल," म्हणून त्याने हात पुढे केला. शिकाऱ्याचं अभिनंदन असं करतात. परवानगीचा कागद त्याच्या खिशात घडी करून ठेवलेला होता; कडा झिजल्या होत्या त्यावरून तो बरेच शनिवार तिथेच असावा. मला इतका आनंद झाला की मी थर्मासमधला चहा टोपणात ओतून पेख्टरला न विचारता त्याच्या हातात दिला, आणि त्याने तो प्यायलाही.

रविवारी ताईंनी तो ससा सावजी मसाल्यात केला. पेख्टर कोट घालून, फुलं घेऊन आला. तिखट चालेल का, असं मी त्याला विचारणार होतो, पण ताईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि त्याला म्हणाल्या, "जिभेला विचारा." जिभेने जे काय सांगितलं ते त्याच्या नाकाडोळ्यांतून वाहत होतं, तरी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताईंनी पहिला घास हातात धरून ठेवला होता, मग सावकाश खाल्ला. भाऊजी सगळ्यांना भात वाढत होते आणि स्वतः वरण कालवत होते. जेवण झाल्यावर पेख्टर टिकली लावलेला तो कागद मागून घेऊन गेला.

पुढची काही वर्षं वाडीतली रोपं सुखाने वाढली. मग ताई निवृत्त झाल्या आणि दोघं नागपूरला परत गेले. बंदूक पेख्टरने घेतली. ताई फोनवर खूप बोलतात. नागपुरात नवं घर घेताना त्यांनी बिल्डरला कंटाळा येईपर्यंत भिंतींना विचारलं, असं भाऊजी सांगतात. तरी शनिवारी दुपारी इथल्या त्यांच्या जुन्या खिडकीखालून जाताना मी अजून वर बघतो. तिथे आता दुसऱ्याच कुणाचे पडदे आहेत.

परवाच्या हिवाळ्यात पेख्टरने मला सोबतीला बोलावलं. गावातला तो रांगेतला तरुण आता त्याच्याकडे शिकतो. त्याने ताईंच्या बंदुकीने, त्याच संथ काडतुसाने, बांधापाशी ससा मारला. पलीकडे मुली तट्टांवर गोल फिरत होत्या. पेख्टर आता काठी घेऊन चालतो. तो हळूहळू वाकला, सफरचंदाची डहाळी मोडली आणि सशाच्या तोंडात ठेवली.

तरुण गोंधळला. परीक्षेला पाठ केलेलं सगळं त्याला अजून ताजं होतं. "पण हे सशाला नसतं ना?" त्याने अदबीने विचारलं.

पेख्टरने टोपी काढून छातीशी धरली.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "सशाला विचार."