अकरा पायऱ्या

आमचे हे शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्याआधी सैन्यात ट्रक चालवायचे. सुरुंगावर ट्रक गेला, त्यात यांचा उजवा पाय मांडीपासून गेला आणि शेजारी बसलेला दोस्त जागच्या जागी गेला. त्याच्या घरी एक तार आली आणि एक ट्रंक, बाकी काही नाही. त्याची आई आमच्याच गल्लीत राहते. आम्ही तिला मावशी म्हणतो.

हे स्वभावाने शांत. दोरा का तुटतोय हे शोधण्यात सकाळ गेली तरी हूं की चूं नाही. चिडायचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे, आणि मी ते चोख सांभाळते.

गावात सैनिकांचं स्मारक बांधायचं ठरलं तेव्हा समितीने यांना सल्लागार नेमलं. हे भाबडे, हरखून गेले. दुकानातली टेप घेऊन जागेवर जाऊन आले, पायऱ्यांशेजारी उतार कसा बसवायचा याचा नकाशा काढून दिला. मावशीला शब्द दिला, "तुझी चाकाची खुर्ची थेट नावांच्या भिंतीपर्यंत नेतो. त्याच्या नावावर हात ठेव." एकतीस वर्षं त्या बाईला हात ठेवायला काही मिळालं नव्हतं.

स्मारक झालं. चकचकीत दगडाच्या अकरा पायऱ्या. उतार नाहीच.

"उताराने दर्शनी बाजू बिघडते हो," अध्यक्ष म्हणाले.

"मग ज्यांच्यासाठी बांधलंत त्यांनी काय उडत जायचं वर?" मी विचारलं.

"वहिनी, चार माणसं उचलून नेतील की!"

मावशीचं खुब्याचं हाड मोडलेलं. पलंगावरून खुर्चीत ठेवताना ती कळवळते, आणि ही समितीवाली मंडळी तिला पोत्यासारखी वर चढवणार होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी मात्र मला समजावून घरी आणलं.

उद्घाटनाला मावशीची खुर्ची पायथ्याशी, भर उन्हात. पाहुण्यांना वर मांडव. भाषणात कोणीतरी 'आपण यांचे ऋणी आहोत' म्हणत होतं आणि 'यांच्या', म्हणजे मावशीच्या, डोक्यावर मी पदर धरून उभी होते.

"कुठे रे त्याचं नाव?" मावशीने विचारलं. खालून एक अक्षर दिसत नव्हतं.

यांनी कुबड्या माझ्या हातात दिल्या. त्या गुळगुळीत दगडावर कुबडी टिकत नाही. हे वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसले आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकू लागले. इस्त्रीची पँट, छातीवर पदकं. भाषण थांबलं. मला वाटलं, आता तरी या लोकांना लाज वाटेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून वाजवल्या. एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

वर भिंतीला धरून हे एका पायावर उभे राहिले. खिशातून पातळ कागद काढून दगडात कोरलेल्या नावावर दाबला, त्यावर पेन्सिल आडवी घासली. नाव कागदावर उमटलं. मग तसेच बसून सरकत खाली आले आणि कागद मावशीच्या मांडीवर ठेवला. तिने त्यावर बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"हे तर सपाट आहे रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात यांचा फोटो. 'जिद्दीला सलाम'. गिऱ्हाइकं दुकानात येऊन हात मिळवून जात होती. यांनी सुंदर अक्षरात समितीकडे उतारासाठी अर्ज लिहिला. मावशीचं वय लिहिलं, खुबा लिहिला, नकाशा पुन्हा जोडला.

उत्तर आलं महिन्याने. मीच वाचून दाखवलं. 'आपण स्वतः कोणाच्याही मदतीविना वर जाऊन आल्याचे सर्वांनी पाहिले आहे. संबंधित मातेसही नाव जागेवरच उपलब्ध करून देण्यात आले आहे. सबब उताराची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली अध्यक्षांची लफ्फेदार सही.

मी तोंड सोडलं. अध्यक्षांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात यांच्याकडे लक्ष गेलं. पाय गेला त्याबद्दल एकतीस वर्षांत या माणसाने कधी हळहळ केली नव्हती. आज पत्र हातात घेऊन बसला होता.

"माझंच चुकलं," म्हणाले. "मी चढायलाच नको होतं."