दोन नावांचे दोन गुण

कोमानी गावात नवऱ्याचं नाव तोंडाने घेणाऱ्या बायका कमी, आणि ते बोक्याला देणारी एकच. वुयेल्वा. तिचा बोनिसिले रुस्टेनबर्गच्या खाणीत सहा महिन्यांसाठी म्हणून गेला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सहा महिने मोजायला तिकडची कोणी बाई त्याला मदत करते म्हणे. वुयेल्वाने रडून घेतलं, दोन मुली वाढवल्या, आणि ब्लूगम हाऊसच्या स्वयंपाकघरात एक जाडा, आळशी, दूधचोर बोका येऊन राहिला तेव्हा त्याचं बारसं उरकून टाकलं. तेव्हापासून सकाळी सात वाजता "बोनिसिले, निर्लज्जा, त्या ताटातून तोंड काढ!" असं व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं की समजायचं, वुयेल्वा कामावर आली.

ब्लूगम हाऊस म्हणजे आठवण हरवलेल्या म्हाताऱ्यांचं घर. दारात ब्लूगमचं मोठं झाड होतं. ते छपरावर पडेल म्हणून तोडलं आणि पाटी ठेवली, कारण पाटी कोणाच्या डोक्यावर पडत नाही. घराच्या दोन इमारती. पुढच्या इमारतीला ऊन येणारा व्हरांडा, समोर फाटक, फाटकापलीकडे येणारीजाणारी टॅक्सी आणि भांडणारी माणसं, म्हणजे जगायला लागतं ते सगळं. मागच्या इमारतीला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि आत दिवसभर चालू असलेला टीव्ही. तिचं कागदोपत्री नाव 'शांती विभाग'. तिथे शांती होती यात खोटं काही नाही. गेलेलं माणूस दोन महिन्यांत बोलायचं बंद होतं म्हटल्यावर दुसरं काय असणार?

कोणी पुढे राहायचं आणि कोणी मागे जायचं हे दर जूनला एक परीक्षा ठरवायची. वीस गुणांची. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यांची परीक्षा घ्यायची, आणि नापास झाले की कुलूप लावायचं, अशी ही सोय.

मातोलोची तीन वर्षं परीक्षा झाली होती आणि तिन्ही वर्षं ती काठावर सुटली होती. तिच्या ओळखपत्रावर ग्लॅडिस लिहिलेलं होतं. ते शाळेतल्या गोऱ्या बाईंनी दिलेलं. आईबापांनी नोमवुयो ठेवलं होतं. सासरी आल्यावर सासूने नोसाखेले केलं. आणि तोलो कुळातली लेक म्हणून सगळं गाव तिला मातोलो म्हणायचं. या घरात ती माखुलू, म्हणजे आजी. एवढी नावं असल्यावर 'तुमचं नाव काय' या पहिल्याच प्रश्नाला माणूस गोंधळणार नाही तर काय करेल?

मातोलोने चाळीस वर्षं गावातल्या पोरींचे शाळेचे गणवेश शिवले. वुयेल्वाचा पहिला फ्रॉकही तिच्याच हातचा. खाली दुमडून इतकं कापड आत ठेवलेलं, की तोच फ्रॉक चार वर्षं उसवत उसवत पुरला. आता मातोलोला लेकीचं नाव कधी सापडे, कधी सापडत नसे. पण रोज सकाळी चहा घेऊन वुयेल्वा वाकली, की म्हातारी तिच्या एप्रनची कड दोन बोटांत धरून तपासायची.

"दोन बोटं जास्त ठेव आत. पोर वाढणार आहे."

"माखुलू, पोर एकोणपन्नास वर्षांची आहे. वाढतेय, पण आडवी."

"तेच म्हणते मी. बाजूनेही ठेव."

असं म्हणून मातोलो डोक्याचा रुमाल कपाळावर नीट ओढायची आणि धुऊन आलेल्या टॉवेलांच्या ढिगाला हात घालायची. पन्नास टॉवेलांच्या घड्या, कडेला कड जुळवून. संध्याकाळी वुयेल्वा ते मोडून ठेवायची, म्हणजे म्हातारीला दुसऱ्या दिवशी काम उरायचं. मागच्या इमारतीत टॉवेल नव्हते. मातोलोला तिथे नेलं तर ती किती दिवस टिकेल, हे वुयेल्वाला परीक्षेशिवाय कळत होतं.

त्या जूनला परीक्षा घ्यायला अनेले आली. जोहान्सबर्गला शिकलेली, गोड बोलणारी, थंडीत उघड्या घोट्यांनी फिरणारी मुलगी. तिच्याजवळचा फॉर्म कुठल्या तरी लांबच्या देशात तयार झालेला. त्यात जून महिना म्हणजे उन्हाळा असं उत्तर छापलेलं होतं. बाहेर गवतावर हिमाचा पांढरा थर, आत म्हातारे तीन तीन ब्लँकेटांत. मातोलोने अनेलेच्या घोट्यांकडे बघत "हिवाळा" म्हटलं. अनेलेने छापलेलं उत्तर खोडून गुण दिला. वुयेल्वाला वाटलं, चला, पोरीला अक्कल आहे.

मग अनेलेने फोटो पुढे केला. तो मातोलोच्या मुलीने, नांदिफाने, केपटाऊनहून पाठवला होता. फोटोत दोन पुरुष: एक काठी धरून खुर्चीत बसलेला म्हातारा, मागे टोपी घातलेला तरुण.

"माखुलू, हे कोण?"

मातोलोने रुमाल भुवयांपर्यंत खाली ओढला, खांद्यावरची शाल आवळली आणि जमिनीकडे पाहिलं.

"हे मागे उभे आहेत ते?"

"नांदिफाचे वडील."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

जमिनीकडेच नजर. अनेलेने दोन ठिकाणी शून्य लिहिलं. बेरीज आठ. पास व्हायला दहा लागत होते.

वुयेल्वा ट्रे आपटून पुढे आली. "सिसी, अगं ताई, तुझ्या घरी कोणी मोठं माणूस आहे की नाही? ती सून आहे! सासऱ्याचं नाव बावन्न वर्षांत घेतलं नाही तिने. तुझ्या फॉर्मसाठी घेईल?"

"मला माहीत आहे हो ती रीत. माझी आजीही घेत नव्हती."

"मग उन्हाळा खोडलास तसं हेही खोड."

"हिवाळा खिडकीतून दिसतो, सिसी वुयेल्वा. हिच्या मनातलं मला कसं दिसणार? आज अकरा आज्या फोटोपुढे गप्प बसल्या. काही मान राखतात, काही खरंच विसरल्या आहेत. मी ओळखू कसं?"

"मी ओळखते. जी नजर खाली घालते तिला तो कोण आहे ते पक्कं माहीत असतं. विसरलेली बाई फोटोकडे टक लावून बघते."

अनेलेला ते पटलं असावं. पण फॉर्ममध्ये नजरेसाठी चौकोन नव्हता. तिने एवढंच केलं, की पुढच्या गुरुवारी फक्त चुकलेल्या प्रश्नांची फेरपरीक्षा ठेवली. "नावं घेतली तर दहा होतील. नाहीतर मला सही करावी लागेल."

आठवडाभर मग वुयेल्वाने बावन्न वर्षं सूनपण सांभाळलेल्या बाईला बिघडवायचा उद्योग केला. नवऱ्याचं नाव बोक्याला देणाऱ्या बाईपेक्षा या कामाला लायक कोण होतं? नांदिफाकडून फोनवर तिने दोन्ही नावं विचारून घेतली. नांदिफाने ती सांगितली आणि वर विचारलं, "आई मागे गेली तर रविवारचे फोन चालू राहतील ना?" वुयेल्वाने फोन ठेवला.

शुक्रवारी टॉवेलांच्या घड्या चालू असताना ती हळूच म्हणाली, "झ्वेलिबांझी."

मातोलोने तिच्या हातावर सणसणीत चापट मारली. "जा, तोंड धुऊन ये!"

शनिवारी तिने गोडीत घेतलं. मक्याच्या कण्या आणि घेवडा, वर चरबीचा तुकडा, म्हातारीला आवडतो तसा. "माखुलू, म्हातारबुवा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना ऐकू जाणार नाही."

"मेलेल्यांना जास्त ऐकू येतं. त्यांना दुसरं काम काय असतं?"

रविवारी तिने धाक घातला. मागची इमारत, कुलूप, टीव्ही, टॉवेल नाहीत, सगळं सांगितलं. मातोलोने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथे सासऱ्यांचं नाव घ्यायला लावतात का?"

"नाही."

"मग तिथेच बरं."

वुयेल्वाला राग आला. कसला राग, ते तिचं तिलाही सांगता येईना. स्वतःचा संसार तिने बोक्याच्या ताटात टाकला होता, आणि इथे एक बाई होती जिला आपलं वय, गाव, लेक काही सापडत नव्हतं, पण सासरच्या घराचा मान तेवढा हातातून सुटत नव्हता. बुधवारी सुट्टीच्या दिवशी ती आयुष्यात फारशी न गेलेल्या चर्चमध्ये गेली आणि देवाला स्पष्ट म्हणाली, की उद्या त्या म्हातारीच्या तोंडून दोन नावं काढ, मी दुसरं काही मागणार नाही. देवाकडे कामं बरीच असतात. वुयेल्वाचं मात्र त्याने लगेच मनावर घेतलं.

गुरुवारी सकाळी ती चहा घेऊन वाकली. मातोलोने एप्रनची कड धरली नाही. रुमाल जमिनीवर पडलेला होता आणि तिचे पांढरे, आखूड केस उघडे होते. वुयेल्वाने कधी पाहिले नव्हते ते.

"तू कोणाची गं?" मातोलोने विचारलं.

तेवढ्यात अनेले फोटो घेऊन आली. "माखुलू, हे कोण?"

मातोलो पुढे वाकली. फोटोकडे तिने टक लावून पाहिलं आणि खुदकन हसली.

"हा? हा झ्वेलिबांझी. नदीपलीकडचा. याची कुत्री चावतात." मग टोपीवाल्यावर बोट ठेवलं. "आणि हा त्याचा पोरगा, डुमिसा. मी पाणी भरायला गेले की शिट्टी मारतो मेला! आईला सांगू नकोस हं."

अनेलेने टाळ्या वाजवल्या. घराच्या मेट्रन ऑफिसमधून धावत आल्या. अनेले म्हणाली, "दहा! पुऱ्या दहा! सिसी वुयेल्वा, तुम्ही म्हणालात तेच खरं. तिला सगळं आठवत होतं!" शेरा लिहिला गेला: 'लक्षणीय सुधारणा'. खाली साक्षीदाराची सही हवी होती. वुयेल्वाने पेन घेतलं. काही बोलावं तर जाळीचं कुलूप, न बोलावं तर हा खोटा शेरा. तिने सही केली.

सगळे गेल्यावर तिने रुमाल उचलून झटकला आणि मातोलोच्या डोक्याला बांधायला घेतला. म्हातारीने तिचे हात दूर सारले.

"मला कशाला तो? माझं कुठे लग्न झालंय?"

"नाही झालं, माखुलू."

"मग? आई कधी येईल गं मला न्यायला?"

वुयेल्वा टॉवेलांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसली आणि रडली, बोनिसिले गेला तेव्हा रडली होती त्याहून जास्त. तेव्हा निदान शिव्या घालायला कोणी तरी होतं. आता ती कोणाला शिव्या घालणार होती, देवाला? त्याने तर सांगितलेलं काम केलं होतं. मातोलो तिच्या डोक्यावर थोपटत राहिली, लहान मुली एकमेकींना थोपटतात तसं, आणि फाटकाकडे बघत राहिली. व्हरांडा होता, ऊन होतं, जागा पक्की झाली होती. टॉवेलांना तिने त्या दिवशी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता वुयेल्वा स्वयंपाकघरात शिरली. बोका ताटात तोंड घालून बसलेला होता. तिने तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. बोक्याने मान वर करून थोडी वाट पाहिली. मग वुयेल्वाने नजर खाली घातली, "शुक" केलं आणि ताट उचलून घेतलं.