छातीतली दुसरी धडधड

शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीवर एक मऊ पट्टी चिकटवली. कातडीबरोबर वळणारी; अंगावर आहे हेही विसरायला होतं. हृदयाची झडप गळते आहे हे आधीच कळलं होतं. आता रोजच्या कामात ती किती गळते ते पट्टीनं ऐकायचं आणि त्यावरून छाती उघडायची की नाही ते त्यांनी ठरवायचं.

"काका, नेहमी करता ते सगळं करा," त्या म्हणाल्या.

मी केलं. मिसळसुद्धा खाल्ली. तेवढं काही पट्टीला ऐकू जात नसणार, हा माझा भरवसा.

आठवड्यानं त्यांनी आवाज लावला. माझी धडधड ऐकू आली, मधे वाफ सुटल्यासारखा सूं. मग पहाटेचा आवाज लागला, आणि माझ्या धडधडीखाली आणखी एक धडधड सुरू झाली. संथ, जड, ओल्या मातीत कुणी मुसळ टेकवत यावं तशी.

"हे रोज याच वेळी येतंय. तेव्हा काय करता तुम्ही?"

"काय न्हाय. धार काढतो."

शेजारी बसलेल्या बायकोनं कपाळाला हात लावला. "अवो, आदी म्हशीला मिठी मारता की. त्ये सांगा."

रेडकू मेल्यापासून आमची म्हैस पान्हा सोडत नव्हती. एकदा मी दमून तिच्या बरगड्यांवर छाती टेकली आणि ती पान्हावली. तेव्हापासून रोज तसंच. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "पट्टी राहू दे, आणि एक दिवस तिच्यापासून लांब राहा."

दुसऱ्या पहाटे बायको माझा सदरा घालून गोठ्यात गेली. मी घराच्या पुढच्या सोप्यात चहा पीत बसलो. ती रिकामी बादली घेऊन परतली.

पुन्हा शाहूपुरी. गळती थोडी आहे, ऑपरेशन आत्ता नको, असं ठरलं. मी पेढे आणायला उठलो, तर त्यांनी बसवलं आणि त्या पहाटेचा आवाज लावला.

दुसरी धडधड नव्हती. माझीच संथ होत गेली होती. जड, मुसळासारखी.

"झोपला होता?"

"न्हाय. च्या पीत हुतो."

"धोका नाही काही," त्या म्हणाल्या. "पण असं होत नाही."

बायको हळू आवाजात म्हणाली, "तवा म्हस दावं ताणून घराकडं तोंड करून हुबी हुती."

दुसऱ्या दिवशी छातीवर पट्टी नव्हती. मी म्हशीच्या बरगड्यांवर छाती टेकली आणि कान देऊन उभा राहिलो. धडधड एकच लागत होती; तिची की माझी, कळेना. बादलीत दुधाची धार वाजू लागली तरी हात माझ्या छातीवर न्यायला मी धजेना.