पडलेला सैनिक उचलायचा नाही

माझ्या नणंदेला लढाया आवडतात हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, तेव्हा मी धसकलेच होते. पण वन्सं माझ्याशी आजवर चढ्या आवाजात बोललेल्या नाहीत. त्यांच्या लढाया जेवणाच्या टेबलावर व्हायच्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या सैनिकांच्या, आणि त्या संपेपर्यंत आम्ही सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

वन्सं कवळ्या करतात. चौतीस वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच खिडकीशी. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, वन्सं मेणात जबडा घडवतात, एकेक दात बसवतात, घासून गुळगुळीत करतात आणि डबीत घालून पाठवून देतात. ती कवळी कुणाच्या तोंडात जाते हे त्यांना माहीत नसतं, आणि तोंडवाल्याला त्या माहीत नसतात. फार पूर्वी लॅबमध्ये दोन डब्यांची अदलाबदल झाली आणि एका निवृत्त न्यायाधीशांच्या तोंडात एका गायिकेचे दात जाऊन बसले. न्यायाधीश चार दिवस ते निमूटपणे घालून हिंडले म्हणे. तेव्हापासून वन्सं प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला बारीक यंत्राने आकडा कोरतात आणि त्यात लाल रंग भरतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली की त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवरही, तळाशी, तसाच लाल आकडा असतो.

पटावरच्या लढाया खेळणाऱ्यांचा आमच्याकडे एक क्लब आहे. चाळीसेक पुरुष आणि वन्सं. अकरा वर्षांत त्यांनी निम्म्या क्लबचं सैन्य रंगवून दिलं. "ताई, एवढे घोडे बघा ना," म्हणत माणसं आमच्या दाराशी डबे घेऊन यायची. आणि वर्षातून एकदा क्लबचं प्रदर्शन भरलं की वन्संची जागा ठरलेली: दाराजवळ, रंगाच्या टेबलावर. येणाऱ्याजाणाऱ्याला ब्रश कसा धरायचा ते दाखवायचं. आत हॉलमध्ये लढाया चालायच्या, आणि वन्सं दाराशी, वाऱ्यात.

या वर्षी त्यांनी स्वतःचा पट मांडायचा अर्ज केला. दोन वर्षं खपून खेळ तयार केला होता. नदी, एक पूल, माघार घेणारं सैन्य, आणि त्याला पुलावर गाठायला निघालेलं दुसरं. सूर्यास्ताच्या आत, म्हणजे बारा चालींत, पूल ज्याच्या ताब्यात तो जिंकला. त्यात एक नियम त्यांचा स्वतःचा. इतर सगळ्या पटांवर मेलेला सैनिक मालक उचलतो आणि डब्यात टाकतो. वन्संच्या पटावर तो पडल्या जागी आडवा राहतो. वाट अडवतो. त्याला हलवायचं तर जखमींना उचलणारी माणसं पाठवायची, तीही पायी, चालीला एक वीत. प्रत्येक बाजूला अशी बारा माणसं मिळतात. मी विचारलं होतं, हे कशाला? तर म्हणाल्या, "अगं, माणसं मेली की जमीन काय आपोआप साफ होते?"

अर्ज मंजूर झाला, पट क्रमांक सात. सकाळी आम्ही दोघी सहा खोकी घेऊन पोचलो. मी पोस्टात काउंटरवर बसते, मला या खेळातलं शष्प कळत नाही, पण खोकी उचलता येतात. वन्संनी पूल मांडला, तंबू मांडले, फासे आणि टेप हाताशी ठेवली. एवढ्यात क्लबचे चिटणीस आले. विमा कंपनीतले गृहस्थ, कागद बघितल्याशिवाय शिंकायचेसुद्धा नाहीत. त्यांच्या छातीवर बिल्ला होता: 'संचालक, पट ७'.

संचालक म्हणजे जो खेळ चालवतो, नियम सांगतो, वाद मिटवतो. ज्याचा पट त्याचा बिल्ला, हे तर मलाही माहीत होतं.

"ताई, सात नंबर मी चालवतोय," चिटणीस बुटांकडे बघत म्हणाले. "समितीचं ठरलंय. तुम्ही शेजारी बसा. कुणी रंगाबद्दल विचारलं तर सांगा."

"खेळ कुणी केलाय?"

"तुम्ही."

"मग इथे मीच बसणार," वन्सं म्हणाल्या आणि संचालकाच्या खुर्चीत बसल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी बाह्या सावरल्या. पण वन्संनी टेबलाखालून माझा हात धरला आणि बोटं दुखेपर्यंत आवळला. तांदळाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर डोळे काढणारा त्यांचा हात.

गडबड ऐकून अध्यक्ष आले. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, आवाज मैदानावरचा. सगळे त्यांना सेनापती म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. 'स्वतःच्या हाताने रंगवलेलं सैन्य' या गटाचा चषक तीन वर्षं लागोपाठ त्यांच्याकडे आहे. त्यांचे निळ्या डगल्यांचे घोडेस्वार काचेच्या पेटीतून येतात आणि काचेच्या पेटीतून जातात.

आता जे मी तीन वर्षं गिळून बसले होते ते सांगते. ते घोडेस्वार आमच्या जेवणाच्या टेबलावर रंगवले गेले. सेनापतींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, यंदापुरते करून द्या म्हणाले. वन्संनी चार महिने डोळे फोडून चौसष्ट स्वार रंगवले. मग चषक मिळाला, आणि सेनापतींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी घरी थयथयाट केला होता. वन्सं म्हणाल्या, "कवळी घालून हसणारा माणूस लॅबचं नाव सांगत फिरतो का? गप्प बस." मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे माझा नवरा सांगेल.

"बाई," सेनापती म्हणाले, "रंगवणं वेगळं आणि सैन्य चालवणं वेगळं. तुमचा हात सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय? पण हा खेळ तासभरही टिकायचा नाही. क्लबचं हसं होईल."

"मग खेळून बघा," वन्सं म्हणाल्या. "मी पूल राखते, तुम्ही घ्या. माझी नियमांची पुस्तिका चिटणिसांच्या हातात द्या, निवाडा ते करतील. मी हरले तर रंगाच्या टेबलावर जाते, कायमची. जिंकले तर बिल्ला माझा."

मी त्यांना चिमटा काढला. कायमची कशाला म्हणायचं? पण वन्सं माझ्याकडे बघेनात.

"आणतो माझे स्वार," सेनापती हसून म्हणाले.

"ते आणू नका. माझं सैन्य वापरा."

"दुसऱ्याच्या सैन्याने मी खेळत नाही."

"माझ्या पटावर पडलेला उचलत नाहीत," वन्सं म्हणाल्या. आणि पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पडलेला. उचलत. नाहीत."

"पडला तर ना!" सेनापती म्हणाले, आणि बघे हसले. मग त्यांनी आपल्या वाटणीची बारा उचलणारी माणसं बोटांच्या चिमटीत धरून एकेक करत परत खोक्यात टाकली. "हे हमाल तुमचे तुम्हाला. मी लढायला आलोय, इस्पितळ चालवायला नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या मंडळींचा एक दंडक आहे: दुसऱ्याच्या सैनिकाला हात लावायचा नाही. मेलेला उचलायचा तो मालकानेच. म्हणून त्या स्वारांच्या तळाशी काय आहे हे तीन वर्षांत कुणाला दिसलेलं नव्हतं. सेनापतींना माहीत होतं, पण तोऱ्यात विसरले होते. मी वन्संकडे बघितलं.

"चहा आण," त्या म्हणाल्या.

मी जागची हलले नाही.

पहिल्या दोन चाली सेनापतींच्या होत्या. स्वार दौडत आले, पुलाच्या तोंडाशी पोचले. वन्संनी बंदूकवाले कुंपणामागे दडवले होते. तिसऱ्या चालीला फासे पडले आणि पहिला स्वार मेला. सेनापतींनी सवयीने तो उचलला आणि पेटीकडे हात नेला.

"सर," चिटणीस पुस्तिकेत बोट ठेवून म्हणाले, "नियम सहा. जागेवर आडवा."

सेनापतींनी स्वार आडवा ठेवला. स्वाराचं डोकं त्यांच्याकडे, चकतीचा तळ लोकांकडे. लाल रंगात, कोरीव: ११४१.

त्यांनी तो आकडा बघितला आणि त्यांचे कान तांबडे झाले. चटकन तळ स्वतःकडे फिरवला, पण त्यांच्या मागेही माणसं उभी होतीच. चौथ्या चालीला ११४६ पडला. पाचवीला दोन. सेनापती आता लढत नव्हते, स्वार पडू नयेत म्हणून जपत होते, आणि जपून पूल घेता येत नाही. बघ्यांमध्ये क्लबचा एक सभासद होता, बेकरीवाला. त्याच्या तोफाही वन्संनीच रंगवलेल्या. तो वाकला, ११५० वाचलं, शेजारच्या पटावरची आपली तोफ उचलून उलटी केली, तिचा लाल आकडा बघितला आणि ती परत ठेवली. मग आणखी एकाने आपला शिपाई उलटा केला. मग तिसऱ्याने.

नववा स्वार पडला तेव्हा पुलाचं तोंड बंद झालं होतं. मागे पंचावन्न स्वार धडधाकट उभे, आणि पुढे जायला वाट नाही.

"ही वाट मोकळी कशी करायची?" सेनापतींनी विचारलं. मैदानावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"नियम सात. उचलणारी माणसं पाठवायची," चिटणीस म्हणाले.

"मग पाठवा."

"सर, तुम्ही ती खोक्यात टाकलीत."

सेनापती पटावर वाकले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची द्या. हा डाव तुमचा, मी सोडला. पण यांना उचला."

कबूल करते, मला क्षणभर त्यांची दया आली. वन्संना आली असेल तर ती दिसली नाही. त्यांचे दोन्ही हात आता टेबलावर होते.

"माणसं संचालकाकडे मागायची असतात," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. नियम तीन."

सेनापतींनी चिटणिसांकडे बघितलं. चिटणिसांनी पुस्तिका बघितली, मान डोलावली, आणि बिल्ला छातीवरून काढून सेनापतींच्या हातात ठेवला. सेनापतींनी तो वन्संसमोर ठेवला. मग ताठ उभे राहिले.

"संचालिकाबाई," ते म्हणाले, आणि हॉलच्या पार टोकाला ऐकू गेलं, "माझी माणसं पडलीत. उचलायला माणसं द्या."

वन्संनी बिल्ला लावला. पिन अडकली, ती सोडवून पुन्हा नीट लावली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला राग येतो, म्हणून मी शेजारच्या माणसाला उगीचच म्हटलं, "सरका जरा, मागच्यांना दिसू द्या."

मग वन्संनी आपल्या तंबूजवळची बारा माणसं घेतली. तंबूपासून पुलापर्यंत चार विती, म्हणजे चार चाली. एका स्वाराला दोघं, म्हणजे एका खेपेला सहा, आणि पडलेले नऊ. जायला चार, यायला चार, आणि उरलेल्या तिघांसाठी पुन्हा तेवढंच. वन्संनी टेप उलगडली, पहिली वीत मोजली आणि माणसं पुढे सरकवली.

"डाव तर संपलाय," सेनापती म्हणाले. "एकदम उचलून टाका ना."

"पायी जातात ती," वन्सं म्हणाल्या, आणि दुसरी वीत मोजायला घेतली.